तांबड्या पेटीतले चिंचोके

'हात' हा विषय घेऊन यंदाचा अंक सिद्ध करण्याचे संपादकांनी ठरविले, तेव्हा कुंभार, विणकर, सुईण, तबलावादक अशा मंडळींवर लिहिण्याचे काम इतरांनी आधीच वाटून घेतले होते. ज्या विद्येत हाताचे प्रयोजन लेखणी धरण्यापुरतेच उरले आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते, त्या बीजगणितात हाताला कितपत स्थान आहे, हे जाऊन पाहावे असे मला वाटले. त्यातही एकच प्रकरण मी निवडले, ते एकसामयिक समीकरणांचे. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात हा विषय नववीला प्रथम भेटतो आणि दहावीच्या बीजगणिताचा आरंभ त्यानेच होतो. नववीला चलाचा लोप करून किंवा एका चलाची किंमत दुसऱ्याच्या रूपात ठेवून उत्तर काढायचे, दहावीला आलेख आणि निश्चयक यांची भर पडते.

हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की, येथे विद्यार्थी प्रथमच एका संपूर्ण विधानातून दुसरे संपूर्ण विधान वजा करतो. आजवर त्याने संख्येतून संख्या वजा केलेली असते. आता डावी-उजवी बाजू, बरोबरीचे चिन्ह, अज्ञात राशी अशा सगळ्या लवाजम्यासह एक ओळ दुसऱ्या ओळीतून काढायची असते, आणि ती काढण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त झाला हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते. गुणा, चिन्हे बदला, वजा करा, किंमत ठेवा, असे चार हुकूम सुटतात. ते बिनतक्रार पाळणाऱ्यास गुण मिळतात, आणि न पाळता आल्यास 'गणित कच्चे' असा शेरा कायमचा बसतो. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची जी योजना पुढे आली, तिच्या पाठीशी हाताने केलेले बुद्धीला पटते अशी श्रद्धा होती. चरखा आणि टकळी यांच्याविषयी जे म्हटले गेले ते 'क्ष' आणि 'य' यांच्याविषयी कितपत खरे ठरते, हा माझा प्रश्न होता.

काडेपेट्यांचा वर्ग

पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यातील एका माध्यमिक शाळेत नववीचा वर्ग भरला होता. बाके भिंतीशी सारून मुले चौघाचौघांच्या घोळक्यांनी जमिनीवर बसली होती, आणि प्रत्येक घोळक्यापुढे एक लांबट कागदी पट्टी, घोटीव कागद चिकटवलेल्या काही तांबड्या आणि काही निळ्या काडेपेट्या व चिंचोक्यांची एक पिशवी, एवढा सरंजाम होता. गणिताच्या बाईंनी घातलेली अट एकच: एका रंगाच्या सर्व पेट्यांत चिंचोके सारखेच असतात, आणि पेटी सर्वांच्या संमतीवाचून उघडायची नाही. पेट्यांत कापूस ठासलेला होता. पूर्वी तो नसे, तेव्हा मुले पेटी कानाशी धरून खुळखुळवीत आणि आवाजावरून अंदाज बांधीत.

पट्टीच्या वरच्या ओळीत डावीकडे तीन तांबड्या आणि दोन निळ्या पेट्या, मध्ये खडूने काढलेले बरोबरीचे चिन्ह, उजवीकडे एकोणीस मोकळे चिंचोके. खालच्या ओळीत एक तांबडी, दोन निळ्या आणि त्यांच्यासमोर तेरा चिंचोके. प्रश्न विचारला गेला नाही. नुसते पाहायला सांगितले. काही वेळाने एका मुलाने खालच्या ओळीवर हात ठेवून म्हटले, "बाई, हे सगळं वरच्यात पण हाय की." मग त्याने वरच्या ओळीतून एक तांबडी आणि दोन निळ्या पेट्या उचलल्या, आणि क्षणभर थबकून उजवीकडच्या ढिगातून तेरा चिंचोके मोजून काढले. उरल्या दोन तांबड्या पेट्या आणि सहा चिंचोके. तांबड्या पेटीत तीन, म्हणून निळ्या पेटीत पाच. पेट्या उघडल्या, ताळा मिळाला.

या थबकण्याला मी फार महत्त्व देतो. डावीकडून जेवढे उचलले तेवढ्याच किमतीचे उजवीकडून उचलले नाही तर मध्ये काढलेले चिन्ह खोटे पडेल, ही जाणीव त्या थबकण्यात होती. समानांतून समान काढले असता बाकी समान राहते हे तत्त्व युक्लिडाने आपल्या ग्रंथाच्या आरंभी गृहीत धरलेल्या सामान्य सत्यांपैकी एक आहे. त्या मुलाने ते ग्रंथावाचून आणि हुकुमावाचून मान्य केले.

दुसऱ्या मांडणीत वर दोन तांबड्या व तीन निळ्या मिळून एकवीस, खाली एक तांबडी व दोन निळ्या मिळून तेरा. येथे खालची ओळ वरच्या ओळीत सापडते, पण ती काढून भागत नाही, कारण वजा करता एक तांबडी आणि एक निळी अशी जोडी उरते, एकच रंग उरत नाही. मुले बराच वेळ अडली. शेवटी मागच्या घोळक्यातील एका मुलीने विचारले, "बाई, खालची ओळ दोनदा मांडली तर चालंल का?" बाईंनी उत्तर न देता वर्गालाच विचारले, की एकदा मांडलेली ओळ खरी असेल तर दोनदा मांडलेली खोटी होईल काय? दोन तांबड्या, चार निळ्या आणि सव्वीस चिंचोके असे मांडले गेले. त्यातून वरची ओळ काढताच एक निळी पेटी आणि पाच चिंचोके उरले. पाठ्यपुस्तकात 'समीकरणाला २ ने गुणून' या तीन शब्दांत जे आटोपते, ते एकच खरेदी दोनदा करण्याइतके साधे आहे, हे त्या वर्गाला उमगले.

तराजू का नाही, असे मी बाईंना विचारले. समीकरण म्हणजे तराजू हा दाखला सर्वपरिचित आहे. त्यांनी तो वापरून पाहिला होता. पण खऱ्या तागडीत रिकाम्या पेटीचेही वजन येते, तेवढ्याच रिकाम्या पेट्या दुसऱ्या पारड्यात टाकाव्या लागतात, चिंचोके एकसारख्या वजनाचे नसतात, आणि काटा किंचित कलला की मुलांचे सारे लक्ष तत्त्वावरून उडून काट्याकडे लागते. मोजणीत हा घोटाळा होत नाही.

आणखी एक दक्षता त्यांच्या बोलण्यात सतत जाणवत होती. कोणी 'तीन तांबड्या' म्हणाले की त्या 'तीन तांबड्या पेट्यांतले चिंचोके' असे वदवून घेत. अक्षर हे वस्तूचे नाव आहे अशी समजूत मुलांत किती खोलवर असते, याचा तपास इंग्लंडात डीटमार क्यूशमन यांनी केला होता आणि त्याचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. 'पे' म्हणजे पेरू, 'के' म्हणजे केळी असे शिकविले की प्रारंभी गाडी सुरळीत चालते. पुढे तेच मूल 'क्ष' म्हणजे संख्या हे मान्य करीत नाही. साधनाचा हा मोठा धोका आहे, कारण पेटी ही वस्तूच असते आणि डोळ्यांपुढे असते. तिच्या आतील न दिसणारी संख्या हाच आपला विषय आहे, हे शब्दाशब्दाला बजावावे लागते.

उसनी पेटी

ऋण चिन्ह आले की साधनांची खरी कसोटी लागते. पेटी आहे किंवा नाही; 'वजा पेटी' कशी मांडायची? बाईंनी निळ्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या होत्या आणि त्यांवर 'उसनी' असे लिहिले होते. वरच्या ओळीत एक तांबडी व एक निळी मिळून बारा. खालच्या ओळीत एक तांबडी पेटी, तिच्याशेजारी उसन्या निळ्या पेटीची एक चिठ्ठी, आणि दोन चिंचोके. अर्थ असा, की तांबडीतील चिंचोक्यांतून एका निळीइतके देणे भागविले तर पदरी दोन राहतात.

खालची ओळ वरच्या ओळीतून काढायची. तांबडीतून तांबडी गेली. मग बहुतेकांनी निळी पेटी आणि निळी चिठ्ठी एकमेकींवर ठेवून दोन्ही उचलल्या, आणि डावीकडे काहीच उरले नाही, उजवीकडे मात्र दहा चिंचोके राहिले. हीच चूक उत्तरपत्रिकांत 'चिन्ह बदलायचे विसरला' या सदराखाली दरवर्षी गुण घालवीत असते. फरक एवढाच, की कागदावर ती बिनबोभाट खपते; येथे काहीच नसलेली बाजू आणि दहा चिंचोके समोरासमोर दिसत होते आणि कोणालाच ते मान्य होईना.

एका सडपातळ मुलीने तो गुंता सोडविला. तिने चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणाली, "वरतीकडं एक निळी आहे. खालतीकडं एक निळी द्यायची आहे. ज्याच्याकडं एक आहे आणि ज्याला एक द्यायची आहे, त्या दोघांत फरक दोनाचा झाला ना, बाई?" वर्ग स्तब्ध झाला आणि मग सगळीकडून होकार आले. दोन निळ्या म्हणजे दहा, एक निळी पाच, तांबडी सात. 'ऋण वजा करणे म्हणजे मिळविणे' हा नियम याहून स्वच्छ रीतीने मांडलेला मी ऐकलेला नाही. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋण यांचे नियम सांगितले; मालमत्ता आणि कर्ज यांच्या व्यवहारातून आलेली ती कल्पना आजही गावच्या उसनवारीतून तितक्याच सहजतेने समजावी, यात मला परंपरेचे अखंडत्व दिसते.

महाळुंग आणि कवठ

आपल्याकडील जुन्या गणितींनी या समीकरणांचा विचार बाजारातील वस्तूंच्या आधारे केला, हे येथे सांगितले पाहिजे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. आजचा बराचसा महाराष्ट्र त्या साम्राज्यात होता आणि राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, येथे होती. त्या ग्रंथात एक उदाहरण आहे: नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची किंमत एकशे सात, सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची एकशे एक, तर प्रत्येकाची किंमत सांग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हाती असलेले फळ म्हणून महाळुंग या भागातील मुलांना ऐकून ठाऊक होते, आणि कवठ तर प्रत्येकाने फोडलेले होते.

बाईंनी हे उदाहरण पेट्यांनीच मांडायला दिले. नऊ आणि सात पाहून मुलांनी प्रथम शिरस्त्याप्रमाणे त्रेसष्टपर्यंत गुणण्याची तयारी केली, आणि तेवढ्या पेट्या शाळेत नाहीत हे ध्यानात आल्यावर हात आखडले. मग दोन्ही ओळी एकत्र लोटण्याची कल्पना निघाली. तांबड्या सोळा, निळ्या सोळा, बेरीज दोनशे आठ. एका तांबडीला एक निळी बांधून सोळा जोड्या केल्या, तर एका जोडीची किंमत तेरा. नंतर वजाबाकी: दोन तांबड्या दोन निळ्यांपेक्षा सहाने महाग, म्हणून एक तांबडी एका निळीपेक्षा तीनने महाग. महाळुंगाला आठ, कवठाला पाच. दहावीच्या मुलांना गुणकांची अशी अदलाबदल झालेली उदाहरणे बेरीज-वजाबाकीने सोडवायला शिकवितात. ती युक्ती म्हणून पाठ होते. येथे पेट्यांच्या टंचाईने ती मुलांना स्वतः शोधायला लावली, आणि शिक्षकांनी साधने जरा कमीच ठेवावीत असे माझे तेव्हापासून मत झाले आहे.

व्यवहारात मात्र अशी खरेदी कोणी करीत नाही, हे एका मुलाने स्पष्टपणे विचारले: दुकानदाराला दर ठाऊक असतोच, मग एकूण रकमेवरून दर काढायचा कशाला? बाईंनी त्याचा प्रश्न टाळला नाही. बाजारात दरावरून रक्कम काढतात, येथे रकमेवरून दर काढायचा आहे. दर जेथे कोणी सांगू शकत नाही, अशा ठिकाणी ही विद्या उपयोगी पडते, असे सांगून त्यांनी नदीच्या प्रवाहाचा वेग आणि नावेचा वेग यांचे उदाहरण घेतले. प्रवाहाच्या दिशेने जाताना दोहोंची बेरीज अनुभवास येते, उलट जाताना वजाबाकी. सुटे वेग नावाड्याला कोणी मोजून देत नाही.

भास्कराचार्यांच्या ११५० च्या बीजगणितात अनेक अज्ञात राशी आल्या की पहिलीला यावत्तावत् आणि पुढच्यांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे मिळतात, आणि लिहिताना त्यांची आद्याक्षरे येतात. रंगीत पेट्यांची कल्पना बाईंनी तेथूनच घेतली होती. चाळीसगावजवळच्या पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन झाल्याची नोंद त्यात आहे. तेथील आणि आपले पाटण नावापुरते एक, एवढे सांगूनही त्या मुलांचे चेहरे उजळले.

अंगणातील ठिपके

पेट्यांनी एक उत्तर सापडते. पण एकच समीकरण असताना किती उत्तरे असतात, हे पेट्या दाखवीत नाहीत. त्यासाठी बाईंनी वर्ग अंगणात नेला. तेथे मुलींनी ठिपक्यांच्या रांगोळीसारखे समान अंतरावर ठिपके मांडले होते. एका कोपऱ्यापासून उजवीकडे किती ठिपके गेलो तो 'क्ष', तेथून पुढे किती तो 'य'. 'क्ष आणि य यांची बेरीज सहा' एवढे म्हणताच सात जणांनी सात ठिपके गाठले, आणि कोणी न सांगता त्यांची एक तिरपी रांग झाली. दुसऱ्या तुकडीला 'क्ष मधून य वजा करता दोन' हे विधान मिळाले. दोन्ही तुकड्या एकाच ठिपक्यावर हक्क सांगू लागल्या: उजवीकडे चार, पुढे दोन. त्या ठिपक्यावर दोघे जण दाटीवाटीने उभे राहिले, आणि दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे म्हणजे काय ते सर्वांनी पाहिले.

नंतर बेरीज सहा आणि बेरीज नऊ अशी दोन विधाने दिली गेली. दोन रांगा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. अंगण कितीही वाढविले तरी त्या भेटणार नाहीत असे मुलांनी स्वतःच ठरविले. शेवटी 'दोन क्ष आणि दोन य मिळून बारा' ऐकून दुसरी तुकडी पहिलीच्याच ठिपक्यांवर जाऊन उभी राहू लागली. दहावीत निश्चयक शून्य आला की एकमेव उत्तर मिळत नाही, असे विद्यार्थी लिहितात. या मुलांना पुढच्या वर्षी त्या शून्यामागे एक तर न भेटणाऱ्या दोन रांगा किंवा एकाच ठिपक्यासाठी भांडणाऱ्या दोन तुकड्या आठवतील.

काड्या आणि खिळे

येथवरची साधने वस्तूंची जागा घेणारी होती. दुसऱ्या जातीची साधने संख्यांचीच जागा घेतात, आणि त्यांचा इतिहास अधिक जुना आहे. 'गणितकलेची नऊ प्रकरणे' या प्राचीन चिनी ग्रंथाचे आठवे प्रकरण सर्वस्वी अशा समीकरणांना वाहिलेले आहे, आणि ती सोडवायची असत पटावर मांडलेल्या काड्यांनी. पहिलेच उदाहरण धान्याच्या पेंढ्यांचे: उत्तम तीन, मध्यम दोन, हलकी एक मिळून एकोणचाळीस मापे, दोन, तीन, एक मिळून चौतीस, एक, दोन, तीन मिळून सव्वीस. प्रत्येक विधानाचा एक उभा स्तंभ. मधला स्तंभ तीनपट करून त्यातून उजवा दोनदा काढला की वरची जागा रिकामी होते, डाव्याचेही तसेच, आणि अखेरीस एकाच जातीचे छत्तीस व समोर नव्व्याण्णव उरतात. हलक्या पेंढीला पावणेतीन मापे, मध्यमेला सव्वाचार, उत्तमेला सव्वानऊ. इ. स. २६३ मध्ये या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या ल्यू हुई याने धन संख्यांना तांबड्या आणि ऋण संख्यांना काळ्या काड्या सांगितल्या आहेत. गाउसच्या नावाने आज जी लोपपद्धती महाविद्यालयात शिकवितात, तिचा व्यवहार त्याच्या कित्येक शतके आधी काड्यांनी होत असे.

या उत्तरांकडे नीट पाहावे. पावणेतीन चिंचोके पेटीत ठेवता येत नाहीत; अपूर्णांकाशी पेटीचे सामर्थ्य संपते. काडीला ती अडचण नाही, कारण काडी पेंढीची नव्हे तर गुणकाची प्रतिनिधी आहे. पेटीकडून काडीकडे आणि काडीकडून अंकाकडे असा प्रवास घडला तरच साधनाचा उपयोग झाला, असे मी म्हणेन.

हा प्रवास उलट्या टोकाकडून कसा दिसतो ते पुण्यातील एका अंधशाळेत पाहावयास मिळाले. तेथे टेलर फ्रेम नावाची पाटी वापरतात: ओळींनी आठकोनी भोके, आणि त्यांत बसणारे चौकोनी खिळे, ज्यांच्या एका टोकाला आडवा कंगोरा व दुसऱ्या टोकाला दोन बारीक टोके असतात. खिळा कोणत्या कोनात बसविला यावरून अंक कळतो. दोन टोके आणि आठ दिशा मिळून सोळा खुणा होतात, आणि बीजगणितासाठी निराळे खिळे असतात. दहावीचा एक विद्यार्थी समीकरण बोटांनी वाचीत होता. त्याचे प्रत्येक पद स्पर्शाच्या जागेवर असते, म्हणून 'क्ष' खाली 'क्ष' आणि 'य' खाली 'य' मांडण्याचा कटाक्ष त्याला कोणी शिकवावा लागत नाही. रांग चुकली तर बोट चुकते. आलेखासाठी रबरी तक्त्यावर टाचण्या टोचून त्यांना दोरा गुंडाळला होता. दोन दोरे जेथे ओलांडतात तेथे त्याने बोट थांबविले आणि टाचण्या मोजून उत्तर सांगितले. डोळस विद्यार्थ्याच्या आलेखवहीत पेन्सिलीची रेघ जाड झाल्याने जेवढी चूक होते, तेवढीही त्याच्या मोजणीत झाली नाही.

पेट्या कपाटात जातात तेव्हा

पाटणच्या बाई पेट्या आठवडाभरच वर्गात ठेवतात. पहिल्या दिवसापासून प्रत्येक उचलाठेवीची नोंद वहीत करण्याचा दंडक आहे. प्रथम चौकोन काढून आत रंग, मग नुसते रंगाचे आद्याक्षर, मग 'क्ष' आणि 'य'. कृतीतून चित्राकडे आणि चित्रातून चिन्हाकडे हा क्रम जेरोम ब्रूनर यांनी १९६० नंतरच्या दशकात मांडला, तो या शाळेत वहीच्या तीन पानांवर उतरलेला दिसतो. ज्या शाळांत साधने आली आणि नोंद आली नाही, तेथे मुले आनंदाने खेळली आणि परीक्षेत पुन्हा चार हुकुमांना शरण गेली, असे अन्य शिक्षकांकडूनही मी ऐकले. साधनांवर टीका करणाऱ्यांचे म्हणणे येथपर्यंत मला मान्य आहे. वेळेची तक्रारही खोटी नाही: पस्तीस मिनिटांच्या तासिकेत पेट्या वाटून गोळा करण्यातच बराच वेळ जातो, आणि अभ्यासक्रमाचा तगादा असतोच. पण उसन्या पेटीचा तो एक हिशेब पटला की 'चिन्हे बदला' हे पुढे वर्षभर ओरडून सांगण्याचे श्रम वाचतात, हा बाईंचा जमाखर्च मला बरोबर वाटतो.

मी निघण्याच्या दिवशी पेट्या आवरायला सांगितल्या असता, ओळ दोनदा मांडणाऱ्या त्याच मुलीने पिवळ्या कागदाच्या पेट्या पुढे केल्या. तिने त्या घरी करून आणल्या होत्या. तिचा प्रश्न असा होता, की रंग तीन आणि ओळी मात्र दोनच असल्या तर? वर तिन्ही रंगांची एकेक पेटी मिळून दहा. खाली एक तांबडी, दोन निळ्या, तीन पिवळ्या मिळून सतरा. बाईंनी आवराआवर थांबविली. वजाबाकी करता एक निळी आणि दोन पिवळ्या मिळून सात राहिले, आणि त्यापुढे हात चालेना. मग एकाने पिवळीत एक चिंचोका धरला, निळीत पाच आले, तांबडीत चार, ताळा जुळला. दुसऱ्याने पिवळीत दोन धरले, तर तीन आणि पाच, तोही जुळला. तिसऱ्याने तीन धरले, तर एक आणि सहा. चार धरताच निळीला चिंचोके पुरेनात. पेटी रिकामी नको, चिंचोका फोडायचा नाही, एवढ्या अटींवर तीनच उत्तरे निघतात हे वर्गाने सिद्ध केले. भास्कराचार्यांनी ओळींपेक्षा रंग अधिक असलेल्या अशाच उदाहरणांसाठी कुट्टकाचा आश्रय घेतला आहे, असे बाईंनी फळ्याच्या कडेला लिहिले, आणि रिकामी पेटी चालेल असे म्हटले तर चौथे उत्तर कोणते, हा प्रश्न घरी करायला दिला.